चावणारी चप्पल आणि मुका पाय

नवी चप्पल चावते, हा मराठी घरांतला जुना अनुभव आहे आणि त्यावरचा उपायही तितकाच जुना आहे. पट्ट्याला थोडे तेल लावावे, काही दिवस थोडा थोडा वेळ वापरावी, म्हणजे चामडे मऊ होते आणि चप्पल पायाला बसते. हा उपाय खरा आहे. परंतु त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते. चप्पल चावली की पाय तसे सांगेल आणि माणूस ती काढून ठेवील, ही ती गोष्ट. वय वाढले, मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा झाला, की अनेकांचे पाय हे सांगणेच बंद करतात. मग चप्पल चावत राहते, माणूस चालत राहतो आणि रात्री अंथरुणावर ओला डाग दिसतो तेव्हा जखम झाल्याचे घरात कळते. म्हणून ज्येष्ठांच्या चामडी पादत्राणांचा विचार करताना आधी पायाचा विचार करावयास हवा.

आधी पाय बोलतो का ते पाहा

ही तपासणी घरी, दोन मिनिटांत करता येते. आजोबांना किंवा आजींना पलंगावर आडवे होऊन डोळे मिटण्यास सांगावे. आपल्या तर्जनीचे टोक त्यांच्या पायाच्या अंगठ्याला, मधल्या बोटाला आणि करंगळीला एक-दोन सेकंद अगदी हलकेच लावावे. दाबू नये, गुदगुल्या करू नयेत. दोन्ही पायांची मिळून सहा बोटे होतात. स्पर्श जाणवला की त्यांनी ‘हो’ म्हणावे. सहापैकी दोन किंवा अधिक ठिकाणी स्पर्श जाणवला नाही, तर पायांची संवेदना कमी झाली आहे असे समजून डॉक्टरांना दाखवावे. मधुमेहाप्रमाणेच ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दीर्घकाळचे मद्यपान आणि कुष्ठरोग यांमुळेही संवेदना जाते.

आणखी एक खूण आपल्याकडचे रुग्ण स्वतःच सांगतात: ‘चप्पल पायातून कधी निसटली ते कळलेच नाही.’ घरातील मंडळी यावर हसतात आणि ‘लक्ष कुठे असते तुमचे?’ असे म्हणतात. हा विसराळूपणा नसून मज्जातंतूंच्या आजाराचे लक्षण असू शकते. असे वाक्य कानावर आले, तर त्याच आठवड्यात पाय तपासून घ्यावेत.

चामड्याचा स्वभाव

हाताने शिवलेल्या पादत्राणांत आपल्याकडे पहिले नाव कोल्हापुरीचे. 2019 साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. त्यात महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे जिल्हे येतात. अस्सल कोल्हापुरीचे चामडे बाभळीची साल आणि हिरडा यांसारख्या वनस्पतींनी कमावलेले असते आणि तिचे तळ खिळ्यांऐवजी चामड्याच्या वादीने शिवलेले असतात.

या दोन्ही गोष्टी आरोग्याच्या दृष्टीने मोलाच्या आहेत. अनेक कारखानी चामडी क्रोमियमच्या क्षारांनी कमावतात. काहींना त्याची ॲलर्जी होते आणि पायाच्या पाठीवर, नेमकी पट्ट्याच्या आकारात, खाज व काळसर चट्टे उठतात. अशांना वनस्पतींनी कमावलेले चामडे बहुधा सोसते. दुसरी गोष्ट शिवणीची. दुरुस्ती करताना तळाला चुका ठोकल्या की झिजेबरोबर एखादी चूक वर येते. संवेदना असलेला पाय लगेच मागे घेतला जातो, मुक्या पायात मात्र ती दिवसभर रुतून राहते. म्हणून ज्येष्ठांची चप्पल दुरुस्तीला देताना ‘चुका नकोत, शिवूनच द्या’ असे आवर्जून सांगावे.

मात्र कोल्हापुरी सर्वांसाठी नाही. ती टिकून राहते ती अंगठ्याच्या आणि पट्ट्याच्या पकडीवर; मागे टाचेला आधार नसतो. तळ कडक आणि सपाट असतो. वयानुसार तळव्याची चरबीची गादी पातळ होते, त्यामुळे टाचदुखीच्या रुग्णांना हा तळ टोचतो. ज्यांची संवेदना शाबूत आहे, चाल स्थिर आहे, बोटे सरळ आहेत, त्यांनी कोल्हापुरी अवश्य वापरावी. ज्यांची संवेदना गेली आहे, त्यांनी अंगठ्याची चप्पल टाळावी. त्यांना मऊ आतला तळ, कडक बाहेरचा तळ आणि टाचेमागे पट्टा असलेली सँडल योग्य ठरते. मायक्रोसेल्युलर रबराचा मऊ तळ असलेल्या पादत्राणांचा उपयोग वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांसाठी केला. तेच तत्त्व आज मधुमेही पायांनाही लागू पडते.

शहरात राहणारी मुले-सुना हल्ली मोकॅसिन किंवा बोट-शू आणून देतात. मोकॅसिन ही उत्तर अमेरिकेतील मूलनिवासींची देणगी: खालचे चामडे पायाभोवती वर वळवून वरच्या तुकड्याला शिवलेले असते. बोट-शूचा चिरा पाडलेला रबरी तळ अमेरिकेत पॉल स्पेरी यांनी 1935 साली आणला, तो ओल्या डेकवर पाय घसरू नये म्हणून. टाच बंद आणि तळ न घसरणारा, हे या बुटांचे गुण. बोटांवरून जाणारी जाड शिवण हा त्यांचा दोष. बूट घेताना आत हात घालून ती शिवण बोटांना घासेल का, हे पाहावे.

माप कसे घ्यावे

पायाचे माप संध्याकाळी घ्यावे, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारात आणि रक्तदाबाच्या अम्लोडिपिनसारख्या गोळ्यांनी ही सूज अधिक असते. ज्येष्ठांना कागदावर उभे करून पेन्सिलीने दोन्ही पावलांची आकृती काढावी आणि तीच दुकानात किंवा चर्मकाराकडे न्यावी. बसून घेतलेले माप लहान येते. मोठ्या पायाचे माप धरावे. सर्वांत लांब बोट कोणते ते पाहावे, ते अंगठाच असेल असे नाही. बंद बुटात त्या बोटापुढे सुमारे एक सेंटिमीटर जागा हवी. चामडे वापराने रुंदीत सैल होते, पण लांबीत वाढत नाही. म्हणून ‘वापरून होईल मोठा’ या आशेवर आखूड बूट घेऊ नये.

सवय लावण्याची रीत

पहिल्या दिवशी घरातल्या घरात अर्धा तास, दुसऱ्या दिवशी एक तास, असे वाढवत न्यावे. प्रत्येक वेळी पादत्राण काढल्यावर घरातील कोणीतरी पाय उजेडात पाहावा: बोटांच्या बेचक्या, अंगठ्याचे मूळ, टाच. लाली अर्ध्या तासात गेली नाही, तर ते पादत्राण त्या पायासाठी नाही. पट्टा कडक असल्यास त्याला एरंडेलाचे एक-दोन थेंब चोळून रात्रभर ठेवावे आणि सकाळी कोरड्या फडक्याने पुसावे. तळाला तेल लावू नये. फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडणे हे चप्पल चावण्यापेक्षा फार महागात पडते.

आपल्या भागातील ऋतू आणि निगा

पावसाळ्यात कोल्हापुरी वापरू नये. वनस्पतींनी कमावलेले चामडे पाणी पिते, फुगते आणि वाळल्यावर कडक होऊन कडांनी कातडी कापते. भिजलेच तर आत वर्तमानपत्र भरून सावलीत वाळवावे. ऊन आणि चूल दोन्ही टाळावी. ठेवताना कापडी पिशवी वापरावी, प्लास्टिकमध्ये बुरशी येते.

वाशिम जिल्ह्यातील शेतकरी ज्येष्ठांना शेतात जाण्यावाचून चैन पडत नाही. सोयाबीन आणि तूर निघाल्यावर उभी राहणारी धसकटे पातळ तळातून आरपार जातात. शेतासाठी जाड तळाचे, बंद पादत्राण वेगळे असावे. उन्हाळ्यात मंदिराच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालताना बधिर तळवे भाजतात आणि फोड दुसऱ्या दिवशी दिसतात. दर्शनाला सकाळी लवकर जावे आणि पायात सुती मोजे ठेवावेत.

जुनी चप्पल उलटी करून पाहा

ज्येष्ठांना जुनी चप्पल टाकवत नाही. ती टाकण्यापूर्वी उलटी करून पाहावी. एकाच पायाचे पुढचे टोक झिजले असेल, तर तो पाय ओढला जातो आहे. अर्धांगवायू, कंपवात किंवा मज्जातंतूचा दाब यांची ही खूण असू शकते. टाच एकाच बाजूने झिजली असेल, तर गुडघा व घोटा दाखवावा. तळ गुळगुळीत झाला असेल, तर चप्पल लगेच बदलावी.

पायावर फोड किंवा जखम दिसली, तर ती स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधावी, त्या पायावर चालणे थांबवावे आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. हळद, चुना, तंबाखू काहीही भरू नये. फोड फोडू नये. गरम पाण्यात पाय बुडवू नयेत. न दुखता सुजलेला आणि हाताला गरम लागणारा पाय हीदेखील तातडीची बाब आहे. दुखत नाही म्हणून थांबू नये. मधुमेही पायात न दुखणे हाच धोका आहे.

रोज पादत्राण घालण्यापूर्वी ते उलटे करून झटकावे आणि आतून हात फिरवावा. ज्यांना वाकता येत नाही, त्यांच्यासाठी हे काम घरातील एखाद्याने आपले मानावे. रात्रीची औषधे देताना त्यांचे तळवेही पाहून घ्यावेत. ज्या पायाला स्वतःचे दुःख सांगता येत नाही, त्याच्यासाठी पाहणारे डोळे घरातलेच असावे लागतात.