टोके जुळेनात

भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक वेधशाळा नागपुरात आहे. चुंबकीय क्षेत्राची रेषा तिथल्या उपकरणांनाही दिसत नाही. त्यांना मिळतात फक्त आकडे: त्या जागी क्षेत्र किती आणि कोणत्या दिशेला. रेषा काढतो संगणक. जगभरच्या वेधशाळांच्या आणि उपग्रहांच्या मोजमापांतून पृथ्वीच्या क्षेत्राचे सूत्र बनते. त्यावरून पाहिले तर नागपूरहून वर निघणारी रेषा दक्षिणेकडे झेपावते, ढोबळ हिशेबाने ३०० किलोमीटर उंची गाठते आणि विषुववृत्त ओलांडून हिंदी महासागरात उतरते.

रेषा काढायची रीत वरवर सोपी. एका बिंदूवर दिशा विचारायची, त्या दिशेने छोटे पाऊल टाकायचे, तिथे पुन्हा विचारायचे. पण वीजप्रवाह वाहणाऱ्या सरळ तारेभोवती हे करून पाहा. तारेपासून १० सेंटिमीटरवरून निघा, पाऊल १ सेंटिमीटरचे ठेवा. रेषेचे वर्तुळ व्हायला हवे. एक फेरी पुरी होते तेव्हा ती तारेपासून सुमारे १३ सेंटिमीटरवर पोचलेली असते! गुन्हेगार लगेच सापडतो. क्षेत्र वळत असते, पाऊल मात्र सरळ पडते, म्हणून दर वेळी थोडे बाहेर. कार्ल रुंगे यांनी १८९५ मध्ये आणि मार्टिन कुट्टा यांनी १९०१ मध्ये, आजचे संगणक येण्याच्या कितीतरी आधी, यावर तोड काढली होती: एका पावलासाठी दिशा चारदा तपासायची आणि त्यांची भारित सरासरी घ्यायची. वर्तुळ बंद होते.

आता त्या तारेभोवती, तिलाच मध्य धरून, प्रवाहाचे एक कडे ठेवा. रेषा कड्यातून आत शिरते, बाहेरून वळसा घेते, शिवाय तारेभोवतीही सरकत जाते. परत येते ती पहिल्या बिंदूवर नाही, थोडी बाजूला. फेऱ्यांमागून फेऱ्या होतात. एखादा अपवाद सोडला तर टोके जुळतच नाहीत. चुंबकीय रेषा बंद वक्र असतात, असे तर आपण शाळेपासून घोकलेले. मग पुन्हा प्रोग्रामच चुकतो आहे का?

यावरची कसोटी मला या कथेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. पाऊल निम्मे करा. चूक हिशेबाची असेल तर टोकांमधली फट आक्रसेल, रुंगे-कुट्टा रीतीत तर ती सुमारे सोळाव्या हिश्शावर येईल. पण पाऊल निम्मे करा, पाव करा, फट हलत नाही. फट खरीच आहे!

निसर्गाचा नियम एवढाच आहे की कोणत्याही बंदिस्त जागेत जेवढा चुंबकीय प्रवाह शिरतो तेवढाच बाहेर पडतो. रेषेने स्वतःला येऊन मिळावे, ही सक्ती त्यात कुठेच नाही. जोसेफ स्लेपियन यांनी १९५१ मध्ये हे स्पष्ट मांडले, तरी ‘रेषा बंद असतात’ हे जुने वाक्य पाठ्यपुस्तकांत आजही भेटते.

गांधीनगरच्या ‘आदित्य’ टोकामाकमध्ये, म्हणजे कड्याच्या आकाराच्या यंत्रात, १९८९ पासून अशाच पीळदार रेषांनी प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायू, कोंडला जातो. अशा यंत्रांसाठी संगणक अख्खी रेषा दाखवत बसत नाही. एक उभा छेद घेऊन, रेषा तो जिथे जिथे ओलांडते तिथे ठिपका देतो. ठिपक्यांचे वलय अखंड उमटले तर प्लाझ्मा आत टिकतो. विस्कटले तर उष्णता तिथून निसटते.