दहा सुरांत दीडशे स्तोत्रं

एके काळी मुंबईतली अंतरं एका चर्चपासून मोजली जायची. रस्त्याच्या कडेला मैलाचे दगड रोवलेले असत आणि त्यांवरचा आकडा म्हणजे त्या चर्चपासूनचे मैल. चर्चगेटला चर्च का दिसत नाही, हे कोडंही इथेच सुटतं. इंग्रजांच्या किल्ल्याला तीन दरवाजे होते. या चर्चच्या वाटेवरचा तो चर्चगेट. 1860 च्या दशकात तट पाडला, दरवाजा गेला, नाव तेवढं स्टेशनाला लागलं. चर्च मात्र हॉर्निमन सर्कलला अजून उभं आहे: सेंट थॉमस कॅथेड्रल. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतला माणूस रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसने निघाला की सकाळी सीएसएमटीला उतरतो, आणि तिथून हे कॅथेड्रल पायी पंधराएक मिनिटांवर आहे. कामाच्या धांदलीत आपल्यातले कितीतरी जण त्याच्यावरून गेले असतील. आत काय आहे आणि तिथे गातात कसं, हे एकदा कळलं की पाय आपोआप दाराकडे वळतात.

या वास्तूचा जन्मच रखडत झाला. ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर जेराल्ड ऑंजियर याच्या काळात, 1676 च्या सुमारास, पाया घातला गेला. भिंती साधारण 15 फूट चढल्या, 1677 मध्ये ऑंजियर वारला आणि काम बंद पडलं. ते जवळजवळ चाळीस वर्षं. 1714 मध्ये रिचर्ड कॉब नावाचा पाद्री मुंबईत आला. त्याने चर्चचा विषय लावून धरला, वर्गणी जमवली आणि अर्धवट भिंतींवर छप्पर चढवलं. 1718 च्या नाताळच्या दिवशी चर्च उघडलं. समोर तेव्हा बॉम्बे ग्रीन हे मोकळं मैदान होतं आणि तिथे कापसाच्या गाठींची थप्पी लागलेली असे. गिरण्यांच्या गावात वाढलेल्या सोलापूरकराला ते दृश्य समजावून सांगायला नको.

1837 मध्ये मुंबईला स्वतःचा बिशप मिळाला, थॉमस कार. बिशपची गादी ज्या चर्चमध्ये, ते कॅथेड्रल. दुसऱ्याच वर्षी मनोरा आणि घड्याळ आलं. पुढे दारासमोर एक नक्षीदार कारंजं उभं राहिलं. त्याचा पैसा पारशी दानशूर कावसजी जहांगीर रेडीमनी यांचा, आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटचा. राजाबाई टॉवरचा आराखडाही याच स्कॉटचा, आणि गंमत म्हणजे हा गृहस्थ भारतात कधी आलाच नाही.

आत शिरलं की भिंतीभर संगमरवरी स्मृतिशिळा दिसतात. कंपनीच्या चाकरीत, देशापासून हजारो मैल दूर वारलेल्यांची ही नावं. त्यांतलं जोनाथन डंकनचं शिल्प जवळ जाऊन पाहावं. हा 1795 पासून 1811 पर्यंत मुंबईचा गव्हर्नर होता. शिल्पात दोन लहान मुलं आहेत आणि बनारस व काठेवाडातली बालहत्या बंद केल्याचा उल्लेख आहे. लढाया जिंकणाऱ्यांच्या गर्दीत एका राज्यकर्त्याची आठवण वाचलेल्या लेकरांवरून ठेवलेली, हे पाहून माणूस थबकतो.

पण कॅथेड्रल दगडावर जेवढं उभं असतं, तेवढंच गाण्यावर. इंग्लंडमधल्या कॅथेड्रलांत संध्याकाळची प्रार्थना बरीचशी गाऊनच होते. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रं आहेत. 1662 च्या इंग्रजी प्रार्थनापुस्तकाने ती सकाळ-संध्याकाळ अशी वाटून दिली आहेत की महिन्याभरात सगळी गाऊन होतात. आता अडचण बघा. स्तोत्राला ना वृत्त, ना यमक. एक ओळ चार शब्दांची, दुसरी वीस शब्दांची. मग चाल बांधायची कशी?

त्यावर काढलेली तोड थक्क करणारी आहे. साध्या चालीत सूर फक्त दहा. ओळीचे दोन भाग करायचे. पहिल्याला चार सूर, दुसऱ्याला सहा. दोन्ही भागांतला पहिला सूर पठणाचा. शब्द कितीही असोत, ते त्या एकाच सुरावर बोलल्यासारखे म्हणत जायचे आणि भाग संपत आला की उरलेल्या सुरांवर चाल वळवायची. ओळ लांबली तर पठण लांबतं, चाल बदलत नाही. शिवाय प्रत्येक सूर एकटा नसतो. चार आवाज चार वेगवेगळ्या स्वरांवर एकदम लागतात. दगडी छताखाली आवाज काही सेकंद रेंगाळतो, मागचा स्वर विरण्याआधी पुढचा येऊन मिळतो. तिथे द्रुत तान घेतली तर तिचा नुसता गलका होईल. संथ, एकमेकांत मिसळणारे स्वर मात्र खुलतात.

गाणारे दोन ओळींत समोरासमोर बसतात. एक चरण या बाजूने, पुढचा त्या बाजूने. पंढरीच्या वाटेवर टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, तसंच हे.

चारांतला सर्वांत वरचा आवाज परंपरेने मुलांचा, तोही फुटण्याआधीचा. म्हणजे मुलगा तयार होतो न होतो तोच त्याचा आवाज फुटायचा आणि नवा शोधायचा. त्यासाठी शाळाच हवी. सॉल्झबरीच्या कॅथेड्रलची गायनशाळा 1091 सालची. मुलींना तिथल्या गायकवृंदात जागा मिळाली ती थेट 1991 मध्ये. मुंबईतही अशीच गरज पडली. सेंट थॉमसला गाणारी मुलं मिळावीत म्हणून 1860 मध्ये शाळा निघाली. तीच आजची कॅथेड्रल अँड जॉन कॉनन स्कूल. होमी भाभा तिथेच शिकले, सलमान रश्दीही.

चर्चमधल्या मोठ्या ऑर्गनमध्ये भात्याची हवा शेकडो नळ्यांत सोडतात. नळी लांब तर सूर खाली, आखूड तर वर. एवढं धूड घरात मावत नाही, म्हणून युरोपात नळ्यांऐवजी धातूच्या पट्ट्यांवर वाजणारी छोटी वाद्यं निघाली. त्यांतूनच पुढे आपली हाताने भाता मारायची पेटी आली. पायाने भाता मारायचा ऑर्गन तर बालगंधर्वांच्या साथीला होता. संगीत नाटकाच्या नांदीमागचा तो भरदार सूर या घराण्याचा.

मराठी ख्रिस्ती मंडळींनी मात्र स्वतःची वाट काढली. 1895 मध्ये ख्रिस्ती झालेल्या नारायण वामन टिळकांनी आपल्या अभंग-भजनांच्या वळणाची उपासनागीतं लिहिली आणि मराठी चर्चमध्ये टाळ-तबल्यावर भजन घुमू लागलं. 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं आणि इंग्रजांचं हे कॅथेड्रल व अनेक मराठी मंडळ्या एकाच छत्राखाली आल्या. वास्तुविशारद ब्रिंदा सोमाया यांच्या देखरेखीखाली झालेल्या कॅथेड्रलच्या जीर्णोद्धाराला 2004 मध्ये युनेस्कोचा पुरस्कार मिळाला.

तेव्हा पुढच्या मुंबई फेरीत अर्धा तास काढा आणि आत जाऊन बसा. नाताळच्या सुमारास गेलात तर कॅरलही कानी पडतील. त्याआधी एखाद्या रविवारी मराठी चर्चमध्ये टिळकांचं भजन ऐकून घ्या. प्रार्थनेला चाल लावायच्या दोन तऱ्हा आहेत या. दोन्ही आपल्याच राज्यात आहेत, आणि दोन्ही ऐकण्यासारख्या आहेत.