निशाण पाहायची दुर्बीण घेताना

कार्ल्सरूहेत नातू नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागला की लगेच मागणी येते, “आजोबा, दुर्बीण घ्या ना!” जर्मन कायद्याप्रमाणे १२ वर्षे पुरी झालेल्या मुलाला आईवडिलांच्या संमतीने, देखरेखीखाली हवेची बंदूक चालवता येते. तिचे निशाण १० मीटरवर. तिथे दुर्बिणीवाचून अडत नाही. घाई करू नका.

कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ज्या ५० मीटर अंतरावर जगज्जेत्या झाल्या, तिथली गोष्ट वेगळी. गोळीचे भोक जेमतेम ५.६ मिलिमीटर! कागदी निशाणावर ते नुसत्या डोळ्यांनी कसं दिसणार?

दुर्बिणीवर ‘२०-६०×६०’ असे आकडे असतात. पहिले दोन म्हणजे वस्तू किती पट मोठी दिसेल. शेवटचा, पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. ६० पटीला भुलू नका. स्वस्त दुर्बिणीत तेवढ्याला चित्र अंधुक होतं, हलतं. ५० मीटरला २० ते ३० पट पुष्कळ. वाचलेले पैसे भक्कम तिपाईवर घाला. डोळा लावायची नळी तिरकी असली तर आजोबा आणि नातू दोघांनाही मान न अवघडता पाहता येतं. चष्मेवाल्यांनी दुकानातच चष्म्यासकट पाहून घ्यावे.

आणि मुलांनो, दुर्बिणीतून सूर्याकडे कधीच बघायचं नाही हं!