बाई डावीकडे फिरते की उजवीकडे?
डाव्या-उजव्या मेंदूचे खरे किती, खोटे किती



वर्षावासात आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होते. वाचन संपले की बाया थोडा वेळ बसतात. कुणाची बीपीची गोळी संपलेली असते, कुणाला नातीच्या लसीचे विचारायचे असते. गेल्या वर्षी अशाच एका संध्याकाळी एक मोबाईल हातोहात फिरत होता. पडद्यावर एका पायावर गिरक्या घेणाऱ्या बाईची काळी सावली. खाली लिहिलेले : बाई घड्याळाच्या काट्यासारखी फिरताना दिसली तर तुमचा उजवा मेंदू चालतो, तुम्ही कलावंत. उलटी फिरताना दिसली तर डावा मेंदू, तुम्ही हिशेबी.

"मला तर इकडून तिकडं फिरती दिसती."

"नाय गं, उलटी हाय ती!"

हसणे चालले होते. तेवढ्यात एक ताई म्हणाल्या, "आमच्या बारक्याचा उजवाच निघालाय. क्लासवाल्यांनी बोटांचे ठसे घेऊन सांगितलं. गणित-सायन्स त्याला झेपायचं नाही म्हणे."

त्या तपासणीचे साडेतीन हजार रुपये त्यांनी बचत गटातून उचलले होते. मुलगा सातवीत. तेव्हापासून त्याने गणिताची वही उघडणेच सोडले. "माझा मेंदूच तसला हाय, तर मी काय करू?" असे तो आईला म्हणाला.

मग कुणी हसले नाही. मोबाईलवरची गंमत गमतीपुरती ठीक आहे. पण तिच्या आधाराने कुणी आपल्या लेकराच्या कपाळावर शिक्का मारत असेल, तर त्यातले खरे-खोटे आपल्याला कळायलाच हवे.

सावलीला पुढची बाजू नसते

हे फिरत्या बाईचे चित्र नोबुयुकी कायाहारा या जपानी वेब डिझायनरने 2003 साली तयार केले. त्यात मेंदूची कसलीही तपासणी नाही. ती आहे नुसती सपाट काळी सावली. तिला नाक-डोळे नाहीत, कपड्यांवर उजेड-अंधार नाही. तिचे तोंड आपल्याकडे आहे की पाठ, उचललेला पाय पुढे आहे की मागे, हे चित्रात दिलेलेच नाही. मग आपला मेंदू आपल्या मनाने एक बाजू धरतो आणि तसे आपल्याला दिसू लागते. म्हणून त्या संध्याकाळी दोघीही बरोबर होत्या.

थोडा वेळ फक्त तिच्या पावलाकडे पाहा, मग नजर वर न्या. पुष्कळांना ती अचानक उलटी फिरताना दिसते. आता सांगा, मिनिटाभरात हिशेबी माणूस कलावंत झाला का? मेंदूने फक्त आपला अंदाज बदलला.

घरी करून पाहा

वहीच्या कोऱ्या कागदावर डावीकडे एक फुली काढा. तिच्या उजवीकडे चार बोटे अंतर सोडून हरभऱ्याएवढा काळा ठिपका काढा. डावा डोळा हाताने झाका. उजव्या डोळ्याने फक्त फुलीकडे पाहा आणि कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. साधारण वीतभर अंतरावर आला की ठिपका गायब होतो. आणखी जवळ आणला की परत दिसतो.

घाबरू नका, हा आजार नाही. डोळ्याच्या मागच्या पडद्यावरून जिथे नस मेंदूकडे निघते, तिथे प्रकाश टिपणाऱ्या पेशी नसतात. ही आंधळी जागा प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात आहे. मग रोज आपल्याला जगात भोक का दिसत नाही? एका डोळ्याला जे दिसत नाही ते दुसरा डोळा पाहतो, आणि एक डोळा झाकला तरी मेंदू आजूबाजूचे पाहून ते भोक भरून टाकतो. पांढऱ्या कागदावर पांढरे भरतो.

म्हणजे डोळे माहिती आणतात आणि चित्र मेंदू जुळवतो. जुळवताना कधी चुकतोही. दृष्टिभ्रम म्हणतात तो हाच. तो शहाण्यालाही होतो, अडाण्यालाही होतो, कलेक्टरलाही होतो.

मेंदूचे दोन भाग : खरे काय?

मेंदूला डावा आणि उजवा असे दोन भाग आहेत, हे खरे. काही कामे एका बाजूला जास्त चालतात, हेही खरे. 1861 साली पॅरिसमध्ये ब्रोका नावाच्या डॉक्टरांनी एका रुग्णाचा अभ्यास केला. त्याला दुसऱ्यांचे बोलणे कळायचे, पण स्वतःच्या तोंडून 'टॅन' एवढेच निघायचे. तो वारल्यावर मेंदू तपासला तेव्हा डाव्या भागात पुढच्या बाजूला इजा सापडली. उजव्या हाताने काम करणाऱ्या शंभरातल्या सुमारे 95 जणांत भाषेचे मुख्य काम डाव्या बाजूला चालते. डावखुऱ्यांतही बहुतेकांचे तिथेच चालते.

पुढे अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी अशा फिट्सच्या रुग्णांचा अभ्यास केला, ज्यांच्या मेंदूच्या दोन भागांमधला पूल उपचारासाठी कापलेला होता. दोन्ही भाग वेगवेगळे काय करतात हे त्यातून दिसले. 1981 साली त्यांना नोबेल मिळाले. बाजारवाल्यांनी यातले अर्धेच उचलले. पूल कापला होता म्हणून दोन भाग वेगळे वागले, हे सांगायचे ते विसरले. तुमचा-आमचा पूल शाबूत आहे. त्यात सुमारे 20 कोटी तंतू आहेत आणि त्यांतून दोन्ही बाजूंचा निरोप सतत ये-जा करतो.

वामनदादांचे एखादे गीत आपण गातो, तेव्हा शब्दांचे काम जास्त करून डावीकडे आणि चालीचे जास्त करून उजवीकडे चालते. दोन्ही मिळून गाणे होते. गिरकी घेणारी बाईही दोन्ही भाग मिळूनच पाहतात, कारण प्रत्येक डोळ्याची माहिती दोन्ही भागांत जाते.

2013 साली अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी 7 ते 29 वयाच्या 1,011 जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. अमुक माणसाचा सगळा डावा मेंदू जोरात, तमुकाचा सगळा उजवा, अशी माणसे त्यांना सापडली नाहीत.

बोटांचे ठसे आणि डोळ्यांवरची पट्टी

बोटांवरच्या रेषा आईच्या पोटातच तयार होतात. त्यांवरून माणूस ओळखता येतो, म्हणून आधारला आणि पोलिसांना त्यांचा उपयोग. पण त्यांवरून बुद्धी, आवड किंवा करिअर सांगता येत नाही. या तपासणीला शास्त्रीय आधार नाही, असे भारतातल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितले आहे.

दुसरा धंदा 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चा. डोळ्यांवर पट्टी बांधून मूल वाचून दाखवते, आईबाप टाळ्या वाजवतात आणि फी भरतात. पट्टी आणि नाकाच्या मधल्या फटीतून मूल खाली पाहत असते. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी ती फट नीट बंद केली की वाचन बंद पडते. यात मुलाचा दोष नाही. त्याला मोठ्यांनी खोटे बोलायला शिकवलेले असते.

आपल्या समाजाला 'जन्मतःच ठरलेले' हे शब्द नवे नाहीत. कुणी काय शिकायचे, कुठले काम करायचे, हे जन्मावरून ठरवणाऱ्या व्यवस्थेने आपल्या आजा-पणजांच्या हातात पाटी येऊ दिली नाही. 'जातिभेद निर्मूलन'मध्ये बाबासाहेबांनी 1936 सालीच यावर बोट ठेवले : माणसाचा धंदा त्याच्या कुवतीवर नाही, आईबापाच्या दर्जावर ठरवला जातो. तोच शिक्का आज इंग्रजी नावाने आणि रंगीत रिपोर्टवर येतो, आणि त्याचे पैसेही आपणच भरतो. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी सांगितले, की कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या. मोबाईलवर आलेल्या मजकुरालाही हेच लागू आहे.

डावे-उजवे जिथे जीव वाचवते

डाव्या-उजव्या मेंदूची एक गोष्ट मात्र प्रत्येक घराने पाठ करावी. मेंदूचा डावा भाग शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा भाग डावी. रक्ताची गुठळी अडकली किंवा नस फुटली, की विरुद्ध बाजूचा हात-पाय लुळा पडतो. आपण म्हणतो, अंगावरून वारं गेलं. डाव्या मेंदूला झटका आला तर बहुधा बोलणेही जाते.

वॉर्डात काम करताना आम्ही उजव्या मेंदूला झटका आलेले एक आजोबा पाहिले. ते ताटातल्या उजव्या बाजूचाच भात खायचे, डावीकडचा तसाच. घरचे म्हणायचे, भूक मेली. आम्ही ताट फिरवून ठेवले, तर त्यांनी राहिलेलाही खाल्ला. डोळे शाबूत होते, पण डाव्या बाजूचे जग मेंदूच्या हिशेबातून गेले होते. अशा रुग्णाला हट्टी म्हणू नका. त्याच्या डाव्या बाजूला बसून बोला, ताट फिरवा.

झटका ओळखायच्या खुणा :

• हसायला सांगा. तोंड एका बाजूला वाकडे होते का?
• दोन्ही हात वर करायला सांगा. एक हात खाली पडतो का?
• एक साधे वाक्य बोलायला सांगा. जीभ अडखळते का, बोलणे अर्धवट येते का?
• अचानक एका बाजूचे दिसेनासे झाले, एकाचे दोन दिसू लागले, तोल गेला, तरी सावध व्हा.

यातले एक जरी दिसले तरी लगेच 108 ला फोन करा. रुग्ण शेवटचा धडधाकट केव्हा होता ती वेळ लक्षात ठेवा, डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सीटी स्कॅन करावाच लागतो. गुठळी आहे की रक्तस्राव, हे त्याशिवाय कळत नाही. म्हणून घरची कुठलीही गोळी देऊ नका, पाणीही पाजू नका. कबुतराचे रक्त चोळणे, मंत्र घालणे यांत वेळ गेला, तर मोठ्या झटक्यात दर मिनिटाला सुमारे 19 लाख मेंदूपेशी मरतात. खुणा थोड्या वेळात आपोआप गेल्या तरी दवाखाना गाठा, तो पुढच्या झटक्याचा इशारा असतो. सीटी स्कॅन असलेले जवळचे सरकारी रुग्णालय कोणते, हे आजच विचारून ठेवा. आणि बीपीची, साखरेची गोळी मध्येच सोडू नका. तंबाखू मात्र सोडा.

लेकरांसाठी

मूल डाव्या हाताने लिहीत असेल, जेवत असेल, तर त्याला मारू नका. ते अपशकुनीही नाही आणि अडाणीही नाही. अभ्यासात मागे पडत असेल तर आधी डोळे आणि कान तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या आणि सरकारी व अनुदानित शाळांतल्या मुलांची तपासणी मोफत होते.

त्या ताईंच्या मुलाला आम्ही विहाराच्या दारात उभे केले आणि समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगितले. मोठे आकडेही त्याला नीट दिसेनात. वर्गात मागच्या बाकावर बसणाऱ्या त्या मुलाला फळाच दिसत नव्हता. सरकारी दवाखान्यात चष्मा मिळाला, आणि शाळेत सांगून त्याला पुढे बसवले. गणित अजून कच्चे आहे. पण वही उघडतो, चुकतो, परत करतो. क्लासचे साडेतीन हजार काही परत मिळाले नाहीत. त्यांचा हप्ता ताई अजून फेडत आहेत.

जयभीम! नमो बुद्धाय!