आधी अरण्ये, मग नगरे : एका दीर्घ सहलीचा आराखडा

सहलीचा बेत निघाला की मंडळी प्रथम कागद घेतात आणि त्यावर गावांची नावे लिहितात. भोपाळ, जबलपूर, ग्वाल्हेर, जमल्यास इंदूर. मग या गावांच्या अधेमधे जागा सापडेल तिथे एखादे जंगल बसवतात. चार-आठ दिवसांच्या सहलीत हे खपून जाते. प्रवास तीन-चार आठवड्यांचा असेल तर मात्र हा क्रम उलटा करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. शहर बाराही महिने उघडे असते. आज नाही तर उद्या पाहता येते. राष्ट्रीय उद्यानाला दरवाजा असतो, दरवाजाला वेळ असते, आणि आत सोडायच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते. जे वाकत नाही ते कागदावर आधी मांडावे आणि वाकणाऱ्या गोष्टी त्याभोवती बसवाव्यात.

गेल्या वर्षी दोन सत्रांमधल्या सुट्टीला थोडी रजा जोडून आम्ही सहा जणांनी मध्य प्रदेशात सव्वीस दिवसांचा प्रवास केला. मी, कन्नड विभागातील माझे एक सहकारी आणि चार विद्यार्थी. आराखडा करण्याचे काम माझ्याकडे आले. चार विद्यार्थ्यांपैकी दोघांनी वर्षभर शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊन या प्रवासाचे पैसे साठवले होते. त्या पैशांतला एकही दिवस बंद दरवाजासमोर उभे राहण्यात जाऊ नये, एवढी एकच काळजी मला होती. आराखडा कसा केला हे अनेकांनी विचारले, म्हणून हा लेख.

प्रथम एका रास्त प्रश्नाचे उत्तर देतो. बेळगावच्या माणसाने जंगल पाहायला इतक्या लांब का जावे? खानापूर तालुक्यात भीमगड आहे, दांडेली हाकेच्या अंतरावर आहे. २०२२ च्या व्याघ्रगणनेत मध्य प्रदेश ७८५ वाघांसह पहिला आला, पण दुसरा क्रमांक ५६३ वाघांसह आपल्या कर्नाटकाचाच होता. हे सर्व खरे. पण आपली सह्याद्रीतली जंगले दाट आणि चढउताराची. तेथे रानाचा आवाज कानी पडतो, प्राणी क्वचितच नजरेस पडतो. मध्य भारतात साल वृक्षांची उंच राने आणि त्यांच्या मधोमध मैलभर पसरलेली गवताळ कुरणे आहेत. बेळगावच्या विद्यार्थ्याने साल पाहिलेला नसतो. दांडेली पाहून झालेल्याने कान्हा पाहावे. कान्हा पाहून दांडेली टाकू नये.

आता पंचांग. मध्य प्रदेशातील व्याघ्र प्रकल्पांचे गाभा क्षेत्र १ जुलै ते ३० सप्टेंबर पर्यटकांना बंद असते. उरलेल्या नऊ महिन्यांत दोन टोके आहेत. एप्रिल-मे महिन्यांत पाणवठे आटतात, उरलेल्या पाण्यावर जनावरे येतात आणि वाघ दिसण्याचा संभव वाढतो. पण चाळीस अंशांच्या वरच्या उन्हात उघड्या गाडीत बसावे लागते, आणि त्याच उन्हात दुपारी ग्वाल्हेरचा किल्ला चढायचा म्हणजे शिक्षाच. नोव्हेंबरात गवत उंच असते, जनावर त्यात दडते, पण रान हिरवे असते आणि शहरांतही पायी हिंडता येते. सहलीत शहरे आणि जंगले दोन्ही असतील तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ बरा. आम्हाला सुट्टीने नोव्हेंबर दिला.

यानंतर बुधवार. आम्ही निवडलेल्या सातपुडा, कान्हा आणि बांधवगड या तिन्ही ठिकाणी बुधवारी दुपारची फेरी बंद असते. सहल आखणारा ही ओळ वाचतो आणि विसरतो. मी कॅलेंडरवरचे सगळे बुधवार तांबड्या शाईने रंगवले आणि ठरवले की जंगलातून हलायचे ते बुधवारीच. एक बुधवार सातपुड्याहून जबलपूरला जाण्याचा, दुसरा कान्ह्याहून बांधवगडला जाण्याचा. हे दोन बुधवार ठोकून बसवल्यावर बाकीचे दिवस आपोआप जागेवर आले. बेळगावहून निघायचा वार सोमवार, हेही त्यातूनच ठरले. त्यात आणखी एक लाभ झाला. भोपाळचे मानव संग्रहालय आणि भारत भवन सोमवारी बंद असतात, आणि आम्ही तेथे बुधवार ते शुक्रवार होतो.

रेल्वेची सोय बेळगावकरांना फार चांगली आहे. वास्कोहून दिल्लीकडे जाणारी गोवा एक्सप्रेस बेळगाव, मिरज, पुणे, मनमाड, भुसावळ, इटारसी अशी भोपाळला आणि पुढे झांशीवरून ग्वाल्हेरला जाते. म्हणजे भोपाळपर्यंत गाडी बदलावी लागत नाही, आणि परतीला ग्वाल्हेरला बसले की थेट घर. एका टोकाला भोपाळ, दुसऱ्या टोकाला ग्वाल्हेर, आणि मधे पूर्वेकडे वळलेला जंगलांचा पट्टा, असा आमचा नकाशा या एका गाडीमुळे ठरला.

आरक्षणाच्या क्रमाकडे मात्र लक्ष द्यावे. पूर्वी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी खुले होई; १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली. उद्यानांचे परवाने त्याहून आधी मिळू लागतात. त्यामुळे आता परवाने आधी हातात येतात आणि गाडीचे तिकीट नंतर काढावे लागते. ज्येष्ठ मंडळींना हे विचित्र वाटते, कारण तिकीट काढल्याशिवाय सहल ठरली असे त्यांना वाटतच नाही. पण घाबरण्याचे कारण नाही. परवान्याची तारीख धरून बसावे आणि साठावा दिवस उजाडताच तिकिटाला हात घालावा. परवान्यावर प्रत्येकाचे नाव ओळखपत्रावर आहे तसेच हवे. आपल्याकडे कुणाच्या आधारपत्रावर आडनाव आधी, कुणाच्या वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर. मी सहाही ओळखपत्रे समोर ठेवून अक्षरनअक्षर उतरवून घेतले.

सहा हा आकडाही विचार करून ठरवलेला होता. जंगलात फिरवणाऱ्या जिप्सीत चालक आणि वाटाड्या सोडून सहा पर्यटक बसतात, आणि संपूर्ण गाडीचा खर्च त्या सहांत वाटला जातो. चौघे गेले तर प्रत्येकाला दीडपट भार. सात झाले तर दुसरी गाडी. सातवा एक विद्यार्थी यायला फार उत्सुक होता. त्याला नाही म्हणणे मला जड गेले, पण अकरा फेऱ्यांना प्रत्येक वेळी दुसरी गाडी घेतली असती तर शिकवण्या घेणाऱ्या दोघांनाच गळावे लागले असते. एवढ्या खर्चाच्या प्रवासात सोबत्यांची संख्या स्नेहावर सोडता येत नाही. सहा घ्यावेत किंवा बारा.

इंदूर वगळावे लागले. भोपाळहून ते सुमारे १९० किलोमीटर पश्चिमेला आणि आमची सारी जंगले पूर्वेला. जाऊन येण्यात दोन दिवस गेले असते. माझी मावशी इंदुरात असते. सराफ्यातली रात्रीची खाऊगल्ली, राजवाडा आणि मावशी या तिन्ही गोष्टी एकाच फटक्यात कापल्याबद्दल तिने दूरध्वनीवर जे ऐकवले ते येथे छापण्याजोगे नाही. पण सहलीच्या यादीतून काय काढायचे हे ज्याला ठरवता येत नाही, त्याचा अर्धा प्रवास बसस्थानकात होतो.

लांब पल्ल्याच्या रेल्वेप्रवासानंतर लगेच जंगल ठेवू नये, हा नियम मी कटाक्षाने पाळला. गाडी सहा तास उशिरा आली तर शहरात एखादे संग्रहालय हुकते. जंगलात परवाना बुडतो आणि पैसे परत येत नाहीत. म्हणून गोवा एक्सप्रेसनंतर भोपाळचे तीन दिवस, आणि दोन जंगलांच्या मधे जबलपूरचे दोन. भोपाळात आम्ही सांची पाहिली आणि भीमबेटका पाहिले. भीमबेटक्याची चित्रे जगासमोर आणणारे विष्णू श्रीधर वाकणकर हे माळव्यातले मराठी संशोधक; १९५७ साली त्यांचे या गुहांकडे लक्ष गेले. तेथील भिंतींवर गवे, हरणे, शिकारी आहेत. दुसऱ्या दिवशी तलावाकाठच्या वनविहारात गेलो. कायद्याने हेही राष्ट्रीय उद्यानच, पण भर शहरातले, आणि मोठे प्राणी कुंपणात. जाणकार त्याला नाके मुरडतात. मी मात्र नवख्या विद्यार्थ्यांना ते आधी दाखवावे या मताचा आहे. सांबर कोणते आणि चितळ कोणते हे तेथे सावकाश कळते. जंगलातल्या पहिल्या फेरीचा वेळ त्यात जात नाही.

सातपुड्याचे मढई हे प्रवेशद्वार इटारसी-जबलपूर मार्गावरील सोहागपूर स्थानकाजवळ आहे. देनवा नदी होडीतून ओलांडायची आणि पलीकडे गाडीत बसायचे. येथे वाटाड्यासोबत पायी हिंडण्याचीही सोय आहे, आणि पायांना इंधन लागत नाही. याच राष्ट्रीय उद्यानाला लागून बोरीचे जंगल आहे. ते १८६५ साली राखीव झाले. देशातल्या सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. जबलपूरचे दोन दिवस भेडाघाट आणि कपडे धुणे यांत गेले. कपडे धुण्याचा दिवस आराखड्यात लिहून ठेवावा. न लिहिल्यास तो नको त्या दिवशी येतो.

कान्ह्याला किसली, मुक्की, सरही अशी वेगवेगळी प्रवेशद्वारे आहेत. परवाना एका दाराचा आणि मुक्काम दुसऱ्या दाराशी, असा घोळ केलेली दोन कुटुंबे आम्हाला तेथे भेटली. बाहेरून एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत मोठा वळसा पडतो, आणि पहाटेची फेरी तर उजाडताच सुरू होते. आम्ही जबलपूरकडून येणार म्हणून खटिया गावात उतरलो आणि परवाने किसलीच्या बाजूचे घेतले. आधी दार ठरवावे, मग खोली.

कान्हा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले, आणि १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत त्याचा समावेश होता. माझ्या मते त्याचे खरे वैभव वाघापेक्षा बारशिंगा हे आहे. कठीण जमिनीवर राहणारा हा बारशिंगा १९७० च्या सुमारास अवघा ६६ उरला होता. हिंस्र प्राणी शिरू नयेत असे कुंपण घालून त्याची पैदास केली, कुरणे राखली, आणि तो वाचला. पुढे येथूनच काही बारशिंगे सातपुड्यात नेऊन सोडले. पण ही कुरणे म्हणजे बहुतांशी पूर्वीच्या गावांची शेते आहेत. ती गावे उद्यानाबाहेर हलवली. आमचा वाटाड्या बैगा समाजातला होता. एका कुरणाच्या कडेला गाडी थांबवून त्याने आजोबांचे घर कोठे होते ते बोटाने दाखवले. त्या फेरीत मुलांनी बारशिंग्यांविषयी कमी आणि त्यालाच अधिक प्रश्न विचारले.

कान्ह्याच्या चार फेऱ्यांत वाघ दिसला नाही. येथे पैशांचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. बांधवगडला गाभ्यातल्या जादा फेऱ्या घ्याव्यात, असे दोघांचे म्हणणे पडले. शिकवण्या घेणाऱ्यांपैकी एकाने शांतपणे सांगितले की, ठरल्यापेक्षा जास्त रक्कम त्याच्याकडे नाही. जादा फेरी घेतलीच नाही. दीर्घ प्रवासात खर्चाची मर्यादा ज्याची सर्वांत लहान, त्याच्या मापाने सगळ्यांनी चालावे. हे निघण्यापूर्वीच बोलून घेतले होते म्हणून वाद झाला नाही. ज्यांना फेऱ्या हव्या असतील त्यांनी बफर क्षेत्राची चौकशी करावी. तेथील शुल्क कमी असते आणि वाघ काही पाटी वाचून फिरत नाही.

बांधवगडला जाताना उबदार कपड्यांची एक सूचना. बेळगावच्या गुलाबी थंडीवर विसंबून राहू नये. उघड्या गाडीत पहाटेचा वारा हाडांत शिरतो. कानटोपी आणि घोंगडी नेली तर कुणी हसणार नाही. ताला दरवाजाच्या आत, किल्ल्याच्या वाटेवर शेषशायी विष्णूची प्रचंड शिल्पाकृती आहे. या रानातून गवा १९९० च्या दशकात नाहीसा झाला होता. २०११ साली कान्ह्याहून गवे आणून येथे सोडले. दाजीपूर-दांडेलीच्या माणसाला गव्याचे अप्रूप नसते, पण तो परत आणावा लागतो हे तेथे प्रथमच कळले. दुसऱ्या दिवशी सकाळी वाघीण दिसली. रस्ता ओलांडून गेली, बस्स. माझ्या सहकाऱ्यांनी घड्याळ पाहिले होते : चाळीस सेकंद.

उमरियाहून कटनीला गाडी बदलून, झांशीवरून ग्वाल्हेर. येथेही आधी शहर, मग रान. किल्ला, तानसेनाची कबर आणि राणी लक्ष्मीबाईंची समाधी पाहून एक दिवस शिवपुरीला काढला. शिंद्यांच्या उन्हाळी राजधानीचे हे गाव. त्यांच्या शिकारीचे रान आज माधव राष्ट्रीय उद्यान आहे आणि २०२५ साली ते व्याघ्र प्रकल्पही झाले. याच शिवपुरीत १८ एप्रिल १८५९ रोजी तात्या टोपे फाशी गेले. मुलांना कुनोच्या चित्त्यांचा मोह होता, पण राखीव ठेवलेला एकुलता एक दिवस मी त्यावर उधळू दिला नाही. उमरियाहून निघायला उशीर झाला असता तर तोच दिवस कामी आला असता. तो सुखरूप उरला, तेव्हा सगळे जण दुपारपर्यंत झोपले.

पुढचा बेत नागपूर, ताडोबा, पेंच असा आहे. ताडोबाची सुट्टी मंगळवारी आणि पेंचच्या मध्य प्रदेशाकडील बाजूची बुधवारी दुपारी, तेव्हा ताडोबाहून पेंचला कधी हलायचे हा हिशेब पुन्हा पहिल्यापासून मांडावा लागेल. राहून गेलेला सातवा विद्यार्थी परवा एक कॅलेंडर घेऊन आला होता. त्याने मंगळवार हिरवे आणि बुधवार तांबडे केले होते, आणि खाली पाच नावे लिहून सहावी जागा स्वतःसाठी राखली होती.