अलार्म गाडीला, चोराचा डोळा स्टिरिओवर

सीजी-०४ नंबरच्या गाडीत आता नुसता रेडिओ नसतो. टचस्क्रीनचा सेट, डॅशकॅम, डिकीत अ‍ॅम्प्लिफायर आणि बेसट्यूब, मागच्या सीटवर लॅपटॉप असा ऐवज घेऊनच रायपूरकर हिंडत असतो. तात्यापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत गाडी रात्रभर गल्लीत उभी असते. चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम असला की ती रस्त्याकडेला लावावी लागते. शिवाय लग्नकार्यासाठी नागपूरच्या फेऱ्या चालूच असतात. या ऐवजाच्या राखणीबद्दलच्या बऱ्याच समजुती मात्र ऐकीव आहेत, आणि त्यांच्या मुळाशी एकच घोळ आहे. गाडी चोरणारा वेगळा आणि गाडीतलं चोरणारा वेगळा. एकासाठी केलेला बंदोबस्त दुसऱ्याला अडवत नाही.

गैरसमज : सेंट्रल लॉक, अलार्म, इमोबिलायझर सगळं आहे, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती : इमोबिलायझर किल्लीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही. डॅशबोर्डातला सेट कोणी उपसला तर त्याला पत्ताही लागत नाही. कित्येक गाड्यांचा कंपनीचा अलार्म दार, बॉनेट किंवा डिकी उघडली तरच वाजतो. काच फोडून हात आत घातला तर गप्प राहतो. पुढची काच लॅमिनेटेड असल्यामुळे तडकली तरी जागेवर टिकते. बाजूच्या काचा सहसा टफन्ड असतात. त्यांचा एका घावात चुरा होतो, म्हणून चोर तिथेच हात घालतो.

यावर उपाय म्हणजे धक्का ओळखणारा शॉक सेन्सर किंवा आतली हालचाल टिपणारा अल्ट्रासोनिक सेन्सर. तो बसवून घेतल्यावर दुकानदाराच्या शब्दावर विसंबू नका. काच खाली करा, गाडी रिमोटने लॉक करा, मिनिटभर थांबा आणि खिडकीतून हात घालून सीटवरची पिशवी उचला. अल्ट्रासोनिक सेन्सर धड असेल तर अलार्म ठणाणा करेल. शॉक सेन्सरसाठी काचेवर तळहाताने थाप मारून बघा.

गैरसमज : काळी फिल्म लावली की आतलं काही दिसत नाही.

वस्तुस्थिती : एक तर ती बेकायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१२मध्ये काळ्या फिल्मवर बंदी घातली. नियमाप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के प्रकाश आरपार जायला हवा. दुसरं म्हणजे मोबाइलचा टॉर्च काचेला टेकवला की फिल्मचा उपयोग संपतो.

वस्तू डिकीत ठेवायची तर ती घरून निघतानाच ठेवा. तेलीबांधा तलावावर गाडी लावून, चार लोकांदेखत लॅपटॉपची बॅग सीटवरून डिकीत हलवणं म्हणजे माल कुठे आहे ते स्वतःच दाखवणं. डॅशकॅम काढून ठेवला तरी काचेवर रबरी कपाचा गोल डाग आणि खाली लोंबणारी वायर चुगली करतातच. तेही पुसा, गुंडाळा. डॅशकॅम रोज काढायला आणखी एक कारण आहे. मे महिन्यात रायपूरचा पारा ४४-४५ अंशांवर जातो. तेव्हा बंद गाडीत लिथियम बॅटरीचा कॅमेरा तसाही लवकर खराब होतो.

गैरसमज : चोर महागड्या गाड्यांच्याच मागे असतात.

वस्तुस्थिती : चोर किंमत नंतर बघतो, आधी खप बघतो. बाजारात मिळणारे बरेचसे सेट दोन ठरावीक मापांचे असतात. सिंगल डिनचं तोंड १८० बाय ५० मिलिमीटर, डबल डिनचं १८० बाय १००. त्यामुळे एका गाडीतून काढलेला सेट दुसऱ्या भलत्याच गाडीत बसतो. उलट काही कंपन्या आपला सेट त्याच गाडीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेशी जोडतात; तो दुसरीकडे कोडशिवाय चालत नाही आणि चोराला जड जातो. साध्या गाडीलाही धोका असतो, हे पुणे-नगर भागाने पाहिलं आहे. २०२१च्या सुमारास तिथे मारुती इकोचे सायलेन्सर चोरीला जात होते, कारण त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. तेव्हा गाडी साधी असली तरी सेटला पिन कोडची सोय असेल तर ती आजच चालू करा.

गैरसमज : जीपीएस लावला आहे, माल सापडेलच.

वस्तुस्थिती : ट्रॅकर गाडी कुठे आहे ते सांगतो, आणि गाडी तर जागेवरच असते. मोबाइल गेला तर केंद्र सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर आयएमईआय नंबर देऊन तो बंद पाडता येतो. स्टिरिओसाठी अशी सोय नाही. त्याची ओळख म्हणजे फक्त त्याचा सीरियल नंबर.

गैरसमज : फुल इन्शुरन्स आहे, सगळं भरून मिळेल.

वस्तुस्थिती : नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर दमडीही मिळत नाही. सर्वंकष पॉलिसीत कंपनीने गाडीच्या किमतीत धरलेला सेट येतो. तुम्ही बाहेरून बसवलेला सेट आणि अ‍ॅम्प्लिफायर पॉलिसीत वेगळे नोंदवावे लागतात. त्यासाठी साधारण किमतीच्या ४ टक्के जादा हप्ता पडतो, म्हणजे ४० हजारांच्या सिस्टिमला वर्षाला १,६०० रुपये, वर कर. लॅपटॉप हा गाडीचा भाग नाही. त्याला वेगळं कव्हर हवं.

दावा करण्याआधी हिशेब मांडा. समजा, ओन डॅमेजचा हप्ता ९,००० आहे आणि नो क्लेम बोनस ४५ टक्के, म्हणजे सूट ४,०५० रुपयांची. फुटलेली काच ३,५०० रुपयांची असेल तर १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीचे १,००० वजा होऊन हातात २,५०० पडतील, आणि पुढच्या वर्षीची सूट जाईल. बोनस राखणारं अ‍ॅड-ऑन नसेल तर ती काच खिशातून बसवलेली परवडते.

गैरसमज : ‘वाहन मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी आहे, म्हणजे विषय संपला.

वस्तुस्थिती : व्हॅले पार्किंगमध्ये किल्ली हवाली केली की गाडी सांभाळायची जबाबदारी घेणाऱ्यावर येते. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलातून १९९८मध्ये चोरीला गेलेल्या मारुती झेनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९मध्ये सांगितलं की निष्काळजीपणा झाला असेल तर हॉटेलला अशा सूचनेआड लपता येणार नाही. किल्ली स्वतःच्या खिशात ठेवून गाडी नुसती जागेवर लावली असेल, तर मात्र बाजू एवढी भक्कम राहत नाही.

गैरसमज : चोरी दुसऱ्या राज्यात झाली तर तक्रारही तिथेच जाऊन करावी लागते.

वस्तुस्थिती : नागपूरहून येताना देवरीच्या ढाब्यावर गाडीतली वस्तू गेली आणि ते रायपूरला पोचल्यावर लक्षात आलं, तरी रायपूरच्या ठाण्यात तक्रार देता येते. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३मध्ये हद्दीची अट नाही. ऑनलाइन कळवलं तर तीन दिवसांत सही करावी लागते. सगळ्यात चांगलं म्हणजे जागेवरूनच ११२ला फोन लावणं आणि काही हलवण्याआधी फोटो काढणं.

इथे बिलाला फार महत्त्व आहे. ५,००० रुपयांच्या आतली चोरी नव्या कायद्यात अदखलपात्र गुन्ह्यांत मोडते. पोलीस तिचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय करू शकत नाहीत. सेट १८ हजारांचा होता हे बिल दाखवतं, आणि सापडलेला सेट तुमचाच आहे हे सीरियल नंबर.

गैरसमज : पैसे मोजून जुना सेट घेतला, त्यात माझा काय दोष?

वस्तुस्थिती : माल चोरीचा आहे हे माहीत असताना, किंवा तसं वाटायला पुरेसं कारण असताना तो घेणं हा न्याय संहितेच्या कलम ३१७खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत होऊ शकते. २० हजारांचा सेट कोणी बिलाशिवाय चार हजारांत देत असेल आणि त्यावरचा नंबर खरवडलेला असेल, तर ‘मला काय ठाऊक’ हे म्हणणं टिकणं कठीण. जुना सेट घ्यायला हरकत नाही. फक्त मूळ बिल मागा आणि त्यावरचा नंबर सेटवरच्या नंबराशी ताडून मगच पैसे द्या.