ऊस पिकतो तेव्हा वारा कुठे असतो?

जुलै महिन्यात चंदगडच्या स्टँडवर छत्री उघडण्यात काही अर्थ नसतो. उघडली की उलटी होते आणि काड्या मोजत उभं राहायची वेळ येते. घाटमाथ्यावरून येणारा वारा पाऊस आडवा मारतो. म्हणून शिवारात रोपलावणीला वाकलेली माणसं छत्री नव्हे, इरलं घेतात. उसाच्या फडात तर रात्रीत सरीच्या सरी लोळतात.

आता तोच रस्ता जानेवारीत बघा. हलकर्णीच्या साखर कारखान्याच्या दिशेने उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर चाललेले असतात, आणि गारठलेल्या सकाळी कारखान्याच्या चिमणीचा धूर दोरी ओढल्यासारखा सरळ वर जातो. वारा कुठे गेला? गुऱ्हाळातला घाणा बैलांनी का ओढला, वाऱ्याने का नाही, या प्रश्नाचं बरंचसं उत्तर त्या सरळ धुरात आहे.

हे लक्षात आलं बार्बाडोसविषयी वाचताना. कॅरिबियन समुद्राच्या कडेला असलेलं हे बेट अवघं 430 चौरस किलोमीटरचं, म्हणजे बृहन्मुंबईपेक्षाही लहान. पण ऐन भरात तिथे पाचशेच्या आसपास पवनचक्क्या फिरत होत्या, आणि त्या दाणे दळत नव्हत्या, ऊस गाळत होत्या! ऊस मूळचा तिकडचा नव्हे. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत तो कॅरिबियनमध्ये नेला. इंग्रज बार्बाडोसला 1627 मध्ये वसले आणि 1640 च्या दशकात, ब्राझीलमधून आलेल्या डच माहितगारांच्या मदतीने, साखरेला लागले. आधी चरकाला गुरंच जुंपली जायची. पण उसाला जमीन दिल्यावर गुरांना चारा आणायचा कुठून? वारा मात्र फुकट होता, आणि तोही कसा! ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे तिथे हिवाळा-उन्हाळ्यात खंड न पडता वाहतात, आणि ऊसतोडीचा हंगामही साधारण जानेवारी ते जून. ऊस पिकला की वारा हजर. आपल्याकडे नेमकं उलटं. वारा जोरात येतो तेव्हा ऊस हिरवा, कोवळा असतो, आणि ऊस पक्व होतो तेव्हा वाऱ्याने दडी मारलेली असते.

‘मग वारा येईपर्यंत थांबायचं’ असं उसाच्या बाबतीत चालत नाही. भात कापून पेंढ्या रचून ठेवता येतात. ऊस तोडला की त्यातली साखर मोडायला लागते, दिवस उलटला की उतारा घसरतो. रस तर त्याहून नाठाळ. उघडा राहिला तर काही तासांत आंबतो. म्हणून गुऱ्हाळ रात्रीही जागं असतं आणि कारखान्याच्या काट्यावर ट्रॅक्टरवाला घड्याळाकडे बघत बसतो. गाळपाला लागणारी शक्ती सलग हवी, तीही नेमक्या याच महिन्यांत.

बार्बाडोसच्या या पवनचक्कीची रचना पाहण्यासारखी होती. खाली रुंद, वर निमुळता होत गेलेला जाड भिंतींचा दगडी बुरूज, त्यावर फिरणारी टोपी आणि टोपीला चार लांब पाती, कापड ताणलेली. टोपीतून मागे जमिनीपर्यंत एक लांबलचक वासा उतरलेला असे, जणू चक्कीचं शेपूट. वारा बदलला की माणसं किंवा बैल ते शेपूट ढकलत नेऊन पात्यांचं तोंड वाऱ्याकडे वळवत. पात्यांचा आडवा आस दातेरी चाकांनी उभ्या खांबाला फिरवी, आणि तो खांब तळाशी चरकाच्या मधल्या लाटेला. दोन्ही बाजूंच्या लाटा दात्यांत दाते अडकून आपोआप फिरत. एका बाजूने एकाने ऊस सारायचा, पलीकडच्याने तो दुसऱ्या फटीतून परत पाठवायचा. एका उसाला दोन पिळे.

तीन उभ्या लाटांचा हा चरक सतराव्या शतकाच्या आरंभी ब्राझीलकडे प्रचारात आला. आपल्या जुन्या लाकडी चरकाशी त्याचं नातं सांगायला फार शब्द लागत नाहीत. इथेही बाभळीच्या उभ्या लाटा असत आणि लोकांनी त्यांचं नाव ठेवलं होतं नवरा-नवरी! एक फिरला की दुसरी फिरणारच. पुढे 1870 च्या दशकात बिहारमधल्या बिहियाचा लोखंडी चरक देशभर पसरला, आणि बेळगावात लोखंडी नांगर करणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसवल्यावर तिथूनही उसाचे चरक बाहेर पडू लागले. लाटा बदलल्या, बैल तेच राहिले. मग तेलावरची इंजिनं आली, आणि त्यानंतर वीज.

बैलाचा एक गुण वाऱ्यात नाही. ‘हो’ म्हटलं की बैल थांबतो. चक्की थांबवायची तर टोपी वाऱ्यापासून वळवा, पाती मंदावण्याची वाट बघा, आणि तोवर लाटा फिरतच असतात. रात्रपाळीत झोपेने डोळा लागलेल्या गुलामाची बोटं उसाबरोबर आत गेली की हात ओढला जाई. म्हणून कित्येक मळ्यांवर चरकाजवळ कुऱ्हाड किंवा कोयता टांगलेला असे. तो ऊस तोडायला नव्हे, हात तोडायला, म्हणजे निदान माणूस वाचेल. वारा फुकटचा होता. त्याच्यापुढे ऊस धरणारी माणसं आफ्रिकेतून जहाजं भरभरून आणून विकत घेतलेली होती. पवनचक्कीचं देखणं चित्र पाहताना हा कोयता मला नजरेआड करता येत नाही.

इंग्रजी वसाहतींतली गुलामी 1838 मध्ये पुरती संपली, आणि उसाच्या मळ्यांना कराराने बांधलेले हिंदुस्थानी मजूर हवेसे झाले. मॉरिशसला गेलेल्यांत कोकणातली मराठी माणसंही होती, त्यांचे वंशज तिथे आजही मराठीपण सांभाळून आहेत. पुढे वाफेने पवनचक्क्या मागे टाकल्या, तरी बार्बाडोसची मॉर्गन लुईस चक्की विसाव्या शतकाच्या चाळिशीपर्यंत ऊस गाळत राहिली. ती अजून उभी आहे. अँटिगातल्या बेटीज होपमधल्या दोन चक्क्यांपैकी एक 1990 च्या दशकात पुन्हा उभी केली गेली.

रसानंतरची गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. कॅरिबियनमध्ये तांब्याच्या कढयांची रांग, मोठीतून लहानीत रस घट्ट होत जाणारा. आपल्याकडे चुलवाणावर एकच रुंद काहील, भेंडीच्या रसाने मळी वर आणायची, जाळव्याने चिपाडं सारत राहायचं आणि गुळव्याने नुसत्या बुडबुड्यांवरून आधण कधी उतरवायचं ते ओळखायचं. ऊस स्वतःच्या चिपाडांवर शिजतो हे मला आजही नवलाचं वाटतं. रस काढून घेतलेली ती कोरडी काटकी त्याच रसाचा गूळ करते!

आणि वारा? तो आपल्याकडे उशिरा कामाला लागला. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर आता उंच पवनचक्क्या आहेत, पण त्या गिरक्या घेतात मुख्यतः पावसाळ्यात. तेव्हा साखर कारखाने बंद असतात, बॉयलरची दुरुस्ती चाललेली असते. हिवाळ्यात वारा पडला की कारखाने पेटतात, आणि ज्यांनी वीजनिर्मितीची सोय केली आहे ते चिपाडं जाळून उरलेली वीज तारांवर सोडतात.